पूर्ण वाक्याची वाट पाहणारी धनेशीण

दरीच्या काठावर, जिथे दुपार कलली की ढग पायऱ्या चढल्यासारखे वर येतात, तिथे एक दाट रान होते. त्या रानात एका उंच बेहड्याच्या झाडावर धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहायला आले. मुलांनो, धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी, उडताना ज्याच्या पंखांचा आवाज खाली जमिनीपर्यंत ऐकू येतो. या पक्ष्यांची एक जगावेगळी रीत असते. अंडी घालायची वेळ झाली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून टाकते. फक्त चोच जाईल एवढी एक उभी फट ठेवते. मग तिची पिसे गळतात. नवी पिसे येईपर्यंत आणि पिल्ले जगायला लायक होईपर्यंत ती त्या अंधारात बसून राहते. नर रोज फळे आणून त्या फटीतून तिला भरवतो.

आपल्या गोष्टीतली धनेशीण अशीच ढोलीत बसली होती. तिला बाहेरचे काही दिसत नसे, सगळे ऐकू मात्र येत असे. आणि तिचा कान फार तिखट होता. तिच्या आईने तिला लहानपणापासून शुद्ध बोलायला शिकवले होते. शब्दाला शब्द कसा लावायचा, कुठे 'न' आणि कुठे 'ण', कोण 'आला', कोण 'आली' आणि कोण 'आले', हे तिला श्वासासारखे येत असे. यात वाईट काहीच नव्हते. वाईट एवढेच, की दुसऱ्याच्या तोंडून चुकीचा शब्द आला की तिला कानात कुसळ गेल्यासारखे होई, आणि ते कुसळ बाहेर काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

झाडाखालून पाणवठ्याची वाट जात होती. सगळे रान तिथून जा-ये करी, आणि वर एक नवी शेजारीण बसली आहे म्हणून दोन शब्द बोलायला थांबे. साळिंदर आले आणि म्हणाले की काल मी कोल्ह्याला चांगले चार शब्द बोललो. ढोलीतून आवाज आला, "चार शब्द सुनावले म्हणावे." साळिंदराची गोष्ट तिथेच राहिली. वानरीचे पोर काटेरी झुडपात अडकले होते. ती धावत आली आणि कुणीतरी माझी मदत करा, म्हणाली. धनेशीण फटीतून म्हणाली, "माझी मदत नव्हे. मला मदत करा." वानरीने एकदा वर पाहिले आणि एकटीनेच पोर सोडवून आणले. धनेशीण मनाने दुष्ट नव्हती. ढोलीतून बाहेर पडता आले असते तर तीही धावली असती. पण तिला बाहेर पडता येत नव्हते, आणि जे करता येत होते ते ती करी.

त्या रानात एक भेकर होते. भेकर म्हणजे रानाचा राखणदार. कुठे पान हलले, कुठे वास आला, तर सगळ्यांत आधी त्याला कळे, आणि त्याच्या ओरडण्यावर सारे रान विसंबून असे. एकदा ते धापा टाकत वाटेवरून आले आणि कोल्हा आली, कोल्हा आली, असे ओरडू लागले. धनेशिणीने त्याला थांबवले. मग शांतपणे, समजावून, तिने त्याच्याकडून म्हणून घेतले की कोल्हा आला, कोल्हीण आली, कोल्हे आले. भेकराने बिचाऱ्याने ते म्हणून दाखवले. त्या दिवशी कोल्हा दुसऱ्याच बाजूला वळला, म्हणून कुणाचे काही बिघडले नाही. पण त्यानंतर तोंड उघडण्याआधी भेकर अंमळ थांबू लागले. मनात आधी वाक्य जुळवून पाही. ते जुळले तर बोले, नाहीतर मान खाली घालून निघून जाई.

मग एके दिवशी रानकोंबडी आली. तिचा आवाज चिरकलेला होता. ती झाडाखाली उभी राहून सांगू लागली की माझी पिल्लू कुणीतरी नेली. मी अगदी जवळ होते, तरी मला कळलेही नाही. आधी कसलासा वास आला, आणि मग...

"पिल्लू नेले," धनेशीण म्हणाली. "माझे पिल्लू कुणीतरी नेले. 'नेली' म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल, पिल्ले अनेक होती."

मग रानकोंबडी म्हणाली, "एकच होता." आणि ती निघून गेली. कसला वास आला होता आणि पुढे काय झाले, ते तिने सांगितले नाही. धनेशिणीलाही ते विचारायचे सुचले नाही, कारण ती 'एकच होता' या शब्दांपाशी अडकली होती.

त्यानंतर वाट हळूहळू मोडू लागली. मुलांनो, वाट अशी एका दिवसात मोडत नाही. आज साळिंदर करवंदीच्या जाळीमागून गेले, उद्या त्याच्या मागून वानरे गेली, परवा भेकर. काही दिवसांत झाडाला वळसा घालून पाणवठ्याला जाणारी एक नवी वाट तयार झाली, आणि जुन्या वाटेवर गवत उगवले. ढोलीतल्या धनेशिणीला एवढेच कळले, की खाली आता कुणी बोलत नाही. पावले लांबून ऐकू येत. कुजबूज ऐकू येई. झाडाच्या अंगाने कुणी चुकून आलेच, तर ते पाय न वाजवता जाई. तिला वाटले, बरे झाले, कान तरी शांत झाले.

तिचा नवरा दक्षिणेकडच्या रानातला होता. तिकडचे बोलणे वेगळे. तो दरीच्या पलीकडूनच साद घालत यायचा, आणि फटीपाशी बसून मोठ्या हौसेने सांगायचा, "मी उंबरं आणलो." मग कुठल्या झाडाला फळ धरले आहे, कुठल्या कड्यावर मध लागला आहे, दरीत ढग कसे साचले आहेत, असे सगळे तो तिला सांगे. अंधारात बसून ती त्याच्या शब्दांतून रान पाहत असे. पण 'मी आणलो' हे काही तिला सोसवत नसे. "अहो, मी उंबरे आणली," ती म्हणे. तो हसून पुन्हा म्हणे, आणि पुन्हा चुके. दिवसामागून दिवस गेले, तसे त्याचे हसणे कमी झाले. मग वाक्ये लहान झाली. मग नुसते "घे" उरले. आणि शेवटी तेही नाही. पंखांचा आवाज येई, फटीतून चोच आत येई, फळ पडे, आणि पंखांचा आवाज दूर जाई. दरीपलीकडची सादही थांबली. ढोलीतला अंधार आता खरोखरीचा अंधार झाला.

अंडी फुटली. दोन पिल्ले झाली, आंधळी आणि उघडी. त्यांची चिवचिव सोडली तर रानातून कुठलाच आवाज ढोलीपर्यंत येत नव्हता.

अशाच एका संध्याकाळी धुके इतके दाट होते, की फटीतून आत येणारा उजेड दुधासारखा दिसत होता. धनेशिणीला एक वास आला. नुकत्याच शिजलेल्या, वाफ निघणाऱ्या आंबेमोहर भाताचा वास. त्या रानात माणसांची वस्ती नव्हती, चूल नव्हती, भात नव्हता. ती विचारात पडली. तेवढ्यात झाडाच्या बुंध्यापासून एक मऊ आवाज आला.

"बाई, आपल्याकडे शिकायला येऊ का? माझी बोलण्यात फार चुका होतात."

"माझ्या बोलण्यात," धनेशीण म्हणाली.

"माझ्या बोलण्यात," आवाज लगेच म्हणाला. "आपले आभार."

तिला इतका आनंद झाला की काही सांगता येत नाही. एवढ्या दिवसांत तिचे आभार कुणीच मानले नव्हते. तिने विचारले, की आपण कोण. त्यावर तो आवाज म्हणाला, की जो चुकीचे बोलतो त्याने आपले नाव सांगू नये, आधी नीट बोलायला शिकेन आणि मग नाव सांगेन. हे उत्तर तिला फार आवडले.

तेव्हापासून उन्हे उतरली आणि धुके वर आले की आधी तो भाताचा वास येई, आणि त्यामागून आवाज. त्याची पावले कधी ऐकू आली नाहीत. तो बुंध्यापाशी येत असे की आधीपासूनच तिथे बसलेला असे, हेही तिला कधी कळले नाही. तो एखादा शब्द चुकवी, ती सुधारी, आणि तो पुन्हा कधी तो शब्द चुकवत नसे. इतका गुणी शिष्य तिने पाहिला नव्हता, म्हणजे याही शिष्याला तिने पाहिले नव्हतेच. पिल्ले मात्र तो आवाज आला की एकदम गप्प होत आणि तिच्या पोटाखाली शिरत. तिला वाटे, तीही ऐकत आहेत.

एकदा त्याने विचारले, की पिल्लू झोपले म्हणावे की पिल्ले झोपली म्हणावे. तिने समजावून सांगितले, की एक असेल तर झोपले आणि अधिक असतील तर झोपली. "माझी दोन आहेत," ती म्हणाली, "म्हणून मी 'झोपली' म्हणेन." आवाजाने ते वाक्य स्वतःशी पुन्हा म्हटले. दोन आहेत. झोपली आहेत. दुसऱ्या एका संध्याकाळी त्याने 'येतो' आणि 'येईल' यांतला फरक विचारला. जे रोज घडते त्याला 'येतो' म्हणायचे, तिने सांगितले, आणि उदाहरण म्हणून आपल्या नवऱ्याचे दिले. तो ऊन वर चढताना येतो, आणि पुन्हा एकदा ऊन उतरायच्या आधी येतो. मग एकदा त्याने फार अदबीने विचारले, की पिसे गळली म्हणावे की गळली आहेत म्हणावे. "गळली आहेत," ती म्हणाली. "म्हणजे गळून गेली, आणि नवी अजून आलेली नाहीत. मी आता उडू शकत नाही, म्हणून 'गळली आहेत'." मग आवाज म्हणाला, की आता मला सारे नीट समजले.

मुलांनो, तुम्ही ओळखले असेल. ते उदमांजर होते. उदमांजराच्या अंगाला शिजलेल्या भातासारखा वास येतो, आणि ते झाडावर असे चढते, की साल हलत नाही. रानकोंबडीने तो वास घेतला होता. भेकराने त्याला दोनदा जुन्या वाटेवरच्या गवतात पाहिले होते. वानरीने त्याला बेहड्याच्या बुंध्याशी बसून वर पाहताना पाहिले होते. पण त्या झाडाखाली आता कुणी बोलत नसे. शिवाय, त्यांना वाटले, एवढ्या हुशार बाईंना ठाऊक नसेल असे कसे होईल. ढोलीच्या फटीशी धनेशिणीची मोठी चोच होती, म्हणून उदमांजर तिथे जात नव्हते. ती स्वतः लिंपण फोडून बाहेर यावी, याची ते वाट पाहत होते.

तो दिवस आला तेव्हा ढग सकाळपासूनच रानात शिरले होते. झाडाला झाड दिसत नव्हते. ऊन चढायची वेळ झाली आणि गेली, पण धनेश आला नाही. पिल्ले भुकेने ओरडून थकली आणि निपचित पडली. दुपार झाली तरी पंखांचा आवाज आला नाही. तो दरीपलीकडे एका उंबरावर अडकून बसला होता, कारण ढगात त्याला वाट दिसत नव्हती. पूर्वीची सवय असती तर त्याने तिथून साद घातली असती, आणि तो जिवंत आहे एवढे तरी तिला कळले असते. पण साद घालणे त्याने कधीच सोडले होते.

मग भाताचा वास आला. या वेळी तो रोजच्यापेक्षा जवळून आला.

"बाई," आवाज म्हणाला, "एक वाक्य बरोबर आहे का, पाहाल?"

"म्हणा."

"धनेश दरीत पडला आहे आणि त्याचा पंख मोडला आहे."

धनेशिणीने ते ऐकले. कर्ता पाहिला, क्रियापद पाहिले. "वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. आणि मग, मुलांनो, जरा वेळाने त्या वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला. हे खरे आहे का, असे तिने विचारले तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"शब्द न् शब्द," खालचा आवाज म्हणाला. "ते आपल्याला बोलावत आहेत. आपण ढोली उघडावी."

इतके नीट, इतके शुद्ध बोलणारा खोटे बोलेल, असे तिच्या मनातही आले नाही. तिने आतून लिंपणावर चोच मारायला सुरुवात केली. चिखल वाळून दगडासारखा झाला होता. एक ढलपी पडली, मग दुसरी. धुके आत येऊ लागले. आवाज तिला धीर देत होता, आणि तो आता बुंध्याकडून येत नव्हता. तो हळूहळू वर सरकत होता. तो फटीच्या उंचीला आला, आणि मग तिच्याही वर गेला. ती घाईत होती. तिचे तिकडे लक्ष गेले नाही.

करवंदीच्या जाळीमागच्या नव्या वाटेवर भेकर उभे होते. ढग क्षणभर बाजूला झाला आणि त्याला सगळे दिसले. ढोलीला मोठे भोक पडले होते. त्यातून पिसे गळलेल्या धनेशिणीचे डोके आणि खांदे बाहेर आले होते. आणि तिच्या डोक्यावर, खोडाला उलटे चिकटून, एक काळपट अंग वाट पाहत होते. भेकर जुनी वाट तुडवत झाडाखाली आले. त्याने तोंड उघडले.

"बाई, उदमांजर..."

आणि ते थांबले. उदमांजर आला, उदमांजर आली, की उदमांजर आले. त्याला आठवेना. डोक्यात ते तीन शब्द एकमेकांना धक्के देत होते. चुकीचा शब्द उच्चारायला जीभ वळत नव्हती.

ढोलीतून अर्धी बाहेर आलेली धनेशीण अडकली होती. तिने खाली पाहिले. तिच्या तोंडून, मनात नसताना, सवयीने शब्द बाहेर पडले.

"उदमांजर काय? पूर्ण वाक्य बोला."

तेवढा वेळ पुरला. तिच्या खांद्यावरून एक लांब हात आत गेला. तिला मागे वळता येईना, कारण भोक तिच्या अंगाहून जेमतेम मोठे होते. आत एकदाच चिवचिव झाली आणि थांबली. तिच्या कानाशी, अगदी जवळ, तो मऊ आवाज म्हणाला, "नेले." त्यात काही चूक नव्हती.

हात पुन्हा आत गेला. तेव्हा जाळीतून रानकोंबडी बाहेर पडली. तिने वाक्य जुळवले नाही. ती फडफडत झाडाखाली आली आणि गळा फाटेपर्यंत ओरडू लागली, "उदमांजर आली! वर चढला! पोरं खातंय, धावा, कुणीपण धावा!" ते ऐकून भेकराचा घसा मोकळा झाला. त्याने शब्द सोडून दिला आणि नुसते भुंकायला सुरुवात केली. वानरांनी फांद्या हलवल्या. साळिंदराने काटे खडखडवले. दरीपलीकडच्या उंबरावर बसलेल्या धनेशाने तो गोंधळ ऐकला आणि आवाजाच्या दिशेने आंधळ्यासारखी झेप घेतली. ढगातून त्याच्या पंखांचा घोंगावणारा आवाज आला. त्याची जड चोच उदमांजराच्या पाठीत बसली, तसे ते खोडावरून घसरले, आणि एक पिल्लू तोंडात धरून धुक्यात नाहीसे झाले. ते कुठे गेले, हे कुणालाच कळले नाही.

दुसरे पिल्लू ढोलीच्या तळाशी, पालापाचोळ्यात, जिवंत होते.

धनेशीण कशीबशी मागे सरकून आत गेली. तिला उडता येत नव्हते, ढोली उघडी पडली होती, आणि ऊन उतरत चालले होते. कुणी कुणाला काही सांगितले नाही. वानरी झऱ्याकडे गेली आणि ओल्या मातीचे गोळे घेऊन वर चढली. रानकोंबडी खाली पायांनी माती उकरत होती. साळिंदर आणि भेकर ती झऱ्याच्या पाण्यात तुडवत होते. धनेश चोचीने गोळे आत देत होता, आणि धनेशीण आतून लिंपत होती. काम भराभर चालले होते. पण एवढे सगळे जण जमलेले असूनही झाडाखाली एक शब्द उमटत नव्हता. माती हातोहात जात होती. पाय आपटल्याचा आवाज येत होता. श्वास ऐकू येत होते. जणू मुकी माणसे एखाद्या मेल्या घराला लिंपत असावीत.

धनेशिणीला ते सहन होईना. उदमांजराच्या आवाजाची तिला इतकी भीती वाटली नव्हती, जितकी या गप्प बसण्याची वाटली. आत्ता कुठे तिला उमगले, की ही शांतता आपणच लिंपली आहे, शब्दाशब्दाने, आणि आपले पिल्लू त्याच शांततेतून नेले गेले. तिने लिंपणारी चोच थांबवली.

"कुणीतरी काहीतरी बोला," ती म्हणाली. "काहीही बोला."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग भेकर पुढे आले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते वाक्य जुळवायला थांबले, आणि जुळेना, तेव्हा जसे आले तसे बोलले.

"चूक माझा झाला. मी आधी ओरडायला पायजे होता."

सगळे जण फटीकडे पाहत होते. फट आता चोचीएवढीच राहिली होती, आणि तिच्या आत अंधार होता. वानरीने हातातला गोळा घट्ट धरला. धनेशाने डोळे मिटून घेतले.

मग धनेशिणीचा आवाज आला, अगदी हलका.

"नाही रे," ती म्हणाली. "चूक तुझा नाही. चूक माझा झाला."

तात्पर्य : बोलणाऱ्याचा शब्द तपासण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे. चुकण्याची मुभा जिथे उरत नाही, तिथे सावध करणारे मुके होतात आणि फसवणारे तेवढे नीट बोलतात.